साठं, वळीव आणि मी

निवृत्तीनंतर रत्नागिरीजवळच्या गावी राहायला आलो आणि आठवड्याभरात मला वाडीचा हवामान अधिकारी नेमण्यात आलं. पगार नाही, फक्त कारणे दाखवा नोटीस. 'भूशास्त्रज्ञ' मधला 'भू' म्हणजे जमीन, आभाळ नव्हे, हे मी परोपरीने सांगून पाहिलं. शेजारचे तात्या म्हणाले, "अहो, पण शास्त्रज्ञ तर आहात ना? मग बघा की जरा वर!"

विचारायचंच तर मला सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचं विचारा. लाव्हाचे थरावर थर कसे साचले, त्यातून सह्याद्री कसा कोरला गेला, हे मी झोपेतही सांगतो. (सांगतो, अशी घरात तक्रार आहे.) आमचं घर ज्या जांभ्यावर आहे, तोही मूळचा खडक पावसाने युगानुयुगं धुऊन काढल्यावर उरलेला लोहाचा आणि ॲल्युमिनियमचा गाळसाळ. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या साहेबाने 1807 मध्ये केरळातला असाच दगड पाहून त्याला 'लॅटराइट' म्हटलं. लॅटिनमध्ये 'लॅटर' म्हणजे वीट. खाणीतून ओला निघताना मऊ, वारा लागला की टणक, म्हणून लोक त्याच्या विटा पाडतात, हे साहेबाला दिसलं. आमच्याकडे त्याला चिरा म्हणतात आणि त्यासाठी कुणी लॅटिन शिकलेलं नाही.

तर मेअखेर. आगोटीची धांदल. हिने रायवळ आंब्यांचा रस काढून, ताटांना तुपाचा हात लावून साठं घातली होती. खळ्यात अकरा ताटं. चार उन्हं खाऊन साठं कडेने सुटायला लागली होती, मधे मात्र बोट लावलं तर अजून चिकटत होतं. मला पंगतीत एक वेळ वाढता येणार नाही, पण कावळ्यांवर काठी उगारता येते, म्हणून राखणीला बसवलेलं.

दुपारी बाजाराला निघताना हिने विचारलं, "आत घेऊ का? की राहू देत?"

मी उठून समुद्राकडे पाहिलं. क्षितिज स्वच्छ. वारा पश्चिमेचा. चाळीस वर्षं सरकारी अहवाल लिहिल्याने माझ्या आवाजात एक ठामपणा आलेला आहे. तो काढून म्हणालो, "आज पावसाची शक्यता नाही."

चूक कुठे झाली ते मला आता नीट सांगता येतं. शास्त्राचा हा फायदा असतो. मोसमी पाऊस समुद्राकडून येतो. वळीव मात्र दुपारच्या तापल्या हवेतून सह्याद्रीवर उठतो आणि वरच्या पूर्ववाऱ्यांवर स्वार होऊन पाठीमागून कोकणात उतरतो. ज्या डोंगराचा दगडन् दगड मला पाठ, त्याच्याकडे मी पाठ करून बसलो होतो. वर डुलकी लागलेली.

पहिला टपोरा थेंब टकलावर पडला. मी चार ताटं पडवीत नेली. पाचव्याला पाय घसरला. सहा ताटांतला आमरस नव्याने पातळ होऊन खळ्यातल्या कातळावर उतरला आणि जांभ्याच्या भोकाभोकांत शिरला. पुढे दोन दिवस मुंग्यांनी त्या पोकळ्यांचा असा तपशीलवार नकाशा काढला, की मला हयातीत जमला नसता.

हवामान खात्याच्या प्रतवारीत दिवसाला 15.5 मिलिमीटरपर्यंतचा पाऊस 'हलका' समजतात. माझ्या पर्जन्यमापकात 9 भरला. हे मी हिला सांगायला नको होतं.

गंमत म्हणजे शेजारच्या काकींची साठं कोरडी ठणठणीत. मला वाटलं, आता गुडघेदुखीचं नाहीतर मुंग्यांच्या अंड्यांचं पारंपरिक ज्ञान ऐकावं लागणार. वही घेऊन गेलो. काकी म्हणाल्या, "पाऊस कसला कळतोय! तीनला मालिका लागते. ती बघताना कावळे कोण हाकणार? म्हणून रोजच आत घेते."

दुसऱ्या दिवशी नवे आंबे आणायला भाच्याच्या गाडीतून घाटाच्या पायथ्याच्या गावी गेलो. वाटेत रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत दोन काळ्या थरांच्या मधे लाल मातीचा सुरेख पट्टा दिसला. मी गाडी थांबवायला लावली. म्हटलं, "बघ, दोन उद्रेकांच्या मधे इथे बराच काळ शांतता होती. तेवढ्यात खडकाची माती झाली, मग वरून पुढचा लाव्हा आला आणि ती भाजून निघाली."

हिने गाडीतूनच विचारलं, "मधली शांतता साधारण किती दिवसांची असते?"

भाच्याने गाडी सुरू केली.

आता पुन्हा अकरा ताटं बाहेर आहेत. तात्या गडग्यापलीकडून रोज ओरडून विचारतात, "काय शास्त्रज्ञ, आज काय?" मी उत्तर देत नाही. खुर्ची फिरवून, सह्याद्रीकडे तोंड करून, मांडीवर छत्री घेऊन डोळ्यांत तेल घालून बसतो. पाच दिवस डोंगरावर एक ढग फिरकू दिला नाही.

सहाव्या दिवशी मोसमी पाऊस आला. समुद्राकडून.