हायड्रोबूस्ट नुसता पंपाला जोडून भागत नाही

ब्रेक लावताना पायाला मदत करणारा बूस्टर एरवी इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. हायड्रोबूस्ट तेच काम पॉवर स्टीअरिंगच्या पंपातल्या ऑइलच्या दाबावर करतो. जुन्या अमेरिकन मसल कार (मोठ्या इंजिनच्या वेगवान गाड्या) बाळगणाऱ्यांमध्ये त्याबद्दल एक सल्ला हातोहात फिरतोय. थोडक्यात असा: ‘व्हॅक्यूम बूस्टर काढा, त्याच बोल्टांवर हायड्रोबूस्ट बसवा, पॉवर स्टीअरिंगच्या पंपाला जोडा. दुपारभराचं काम. मास्टर सिलिंडर जुनाच चालतो, रिटर्नला टी टाका, हवा आपोआप निघते. गाडी निम्म्या अंतरात थांबेल. फक्त इंजिन बंद पडलं की ब्रेक गेलाच.’ यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही आणि एक-दोन तर घातक आहेत. उदाहरणाला १९६८ ते ७२ची शेव्हरले शेव्हेल घेऊ, कारण या कामातल्या बहुतेक अडचणी तिच्यात भेटतात.

‘निम्म्या अंतरात थांबेल.’ नाही थांबणार. बूस्टर फक्त पायाचा जोर वाढवतो. गाडी थांबते ती टायरच्या पकडीवर. सध्याचा ब्रेक चारही चाकं लॉक करू शकत असेल, तर हायड्रोबूस्टने अंतर घटत नाही. मागचे ड्रम तापून ढिले पडत असतील तर तेही सुधारत नाहीत.

मग हा बदल कशासाठी? व्हॅक्यूम अपुरा पडतो म्हणून. व्हॅक्यूम बूस्टरच्या ११ इंची डायफ्रामचं (आतल्या पडद्याचं) क्षेत्रफळ सुमारे ९५ चौरस इंच. मूळ इंजिन आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) १८ इंच पारा व्हॅक्यूम देतं, म्हणजे दर चौरस इंचाला जवळपास ९ पौंड. ढोबळ हिशेबाने ८४० पौंडांची मदत. मोठा कॅम (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) टाकला की तोच व्हॅक्यूम ८ इंचांवर येतो आणि मदत उरते ३७५ पौंडांच्या आसपास. पेडल दगडासारखं लागतं. हायड्रोबूस्टला इंजिनच्या व्हॅक्यूमशी देणंघेणंच नाही. तो चालतो पंपाच्या दाबावर, आणि हा दाब हजार पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) वर जातो. आकारानेही तो लहान, त्यामुळे बिग ब्लॉकच्या (मोठ्या व्ही-८ इंजिनच्या) व्हॉल्व्ह कव्हरपाशी जागा होते. म्हणून आधी व्हॅक्यूम गेज लावा. आयडलला १६ ते १८ इंच मिळत असतील तर दोष बूस्टरमध्ये, नळीत किंवा चेक व्हॉल्व्हमध्ये शोधा.

‘त्याच बोल्टांवर बसवा.’ बोल्ट जुळले तरी पेडलपासून बूस्टरकडे जाणाऱ्या रॉडचा कोन जुळतोच असं नाही. शेव्हेलच्या ब्रेक पेडलला दोन भोकं असतात. वरचं साध्या (बूस्टर नसलेल्या) ब्रेकसाठी, गुणोत्तर (पायाचा जोर किती पट होतो ते) ६ च्या आसपास. खालचं पॉवर ब्रेकसाठी, ४ च्या आसपास. साध्या ब्रेकच्या गाडीत रॉड वरच्याच भोकात ठेवून हायड्रोबूस्ट लावला, तर पेडल लांब जातं आणि ब्रेक नुसत्या स्पर्शाने झटका देतो. रॉड खालच्या भोकात घ्यायचा, आणि तो सरळ राहावा म्हणून बूस्टर कललेल्या ब्रॅकेटवर बसवायचा. रॉड तिरका राहिला की इनपुट सीलवर एका बाजूने ताण येतो आणि ते गळू लागतं.

‘मास्टर सिलिंडर जुनाच चालतो.’ मास्टर म्हणजे पेडलच्या जोराने चाकांकडे ब्रेक ऑइल ढकलणारा सिलिंडर. पॉवर ब्रेकचा असेल तर चालू शकतो, साध्या ब्रेकचा सहसा नाही. हायड्रोबूस्टबरोबर बहुधा १.१२५ इंच बोअरचा (आतल्या व्यासाचा) मास्टर लागतो. साध्या ब्रेकचा १ इंच किंवा त्याहून लहान असतो आणि त्याच्या पिस्टनमधला खळगा खोल असतो. बूस्टरचा रॉड आणि पिस्टन यांच्यात अर्धा ते एक मिलिमीटर मोकळीक हवी. रॉड लांब झाला की पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल परतायचं छिद्र झाकलं जातं, आणि काही मैलांतच पेडल ताठ होऊन चाकं तापतात.

‘रिटर्नला टी टाका.’ रिटर्न म्हणजे ऑइल पंपाच्या टाकीत परत नेणारी नळी, टी म्हणजे तीन तोंडांचा जोड. सगळ्यांत जास्त घोळ इथे होतो. जोडणीचा क्रम असा: पंपाचा दाबाचा पाइप बूस्टरला, बूस्टरमधून दुसरा दाबाचा पाइप स्टीअरिंग बॉक्सला (चाकं वळवणाऱ्या गिअरच्या पेटीला), आणि बॉक्स व बूस्टर दोघांचे रिटर्न टाकीत. बूस्टरच्या रिटर्नमध्ये दाब जवळपास शून्य हवा. तिथे काटकोनी टी घातला, की स्टीअरिंग कचकन फिरवल्यावर बॉक्सकडून आलेला झोत उलटा बूस्टरमध्ये शिरतो आणि ब्रेक स्वतःहून लागतो. वळणावर, पाय पेडलवर नसताना! दोन रिटर्न नळ्या असलेली टाकी घ्या. तसं जमतच नसेल तर टाकीजवळ, प्रवाहाच्या दिशेने मिळणारा वाय जोड घाला. ऑइल कूलर फक्त बॉक्सच्या रिटर्नवर ठेवा. होज क्लिप चालते ती रिटर्नलाच. दाबाच्या दोन्ही बाजूंना क्रिम्प केलेला (टोकं दाबून बसवलेला) पाइप हवा, तोही हेडरपासून (इंजिनच्या गरम एक्झॉस्ट पाइपांपासून) लांब.

चाकं अडकत असतील तर दोष कुठला हे ओळखायला सोपी खूण आहे. इंजिन चालू असताना अडकतात आणि बंद केल्यावर सुटतात, तर रिटर्नमध्ये दाब साचतोय. इंजिन बंद करूनही अडकलेलीच, पण मास्टरचे नट ढिले करून तो जरा पुढे घेतला की सुटतात, तर रॉड लांब आहे.

‘पंपाला जोडा.’ कोणत्या पंपाला? रिलीफ व्हॉल्व्ह (दाबाची मर्यादा ठरवणारा) झिजलेला जुना पंप स्टीअरिंगपुरता पुरतो, पण ब्रेक दाबून पार्किंगमध्ये स्टीअरिंग फिरवलं की दोन्ही जड होतात. गेज लावून दाब मोजा. व्ही-बेल्टचा ताण बघा. ब्रेक दाबताना बेल्ट किंचाळला तर तो घसरतोय. जुन्या ऑइलमधला धातूचा चुरा बूस्टरच्या स्पूल व्हॉल्व्हमध्ये (ऑइलची वाट बदलणाऱ्या सरकत्या व्हॉल्व्हमध्ये) अडकतो, म्हणून बॉक्सचा रिटर्न बादलीत सोडून सगळं ऑइल आधी बदला.

‘हवा आपोआप निघते.’ काढावी लागते. पुढची चाकं उचला, टाकी भरा, इंजिन सुरू होऊ नये म्हणून कॉइलची वायर काढून स्टार्टर काही सेकंदच फिरवा, पातळी बघून पुन्हा भरा. मग इंजिन सुरू करून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा सावकाश फिरवा आणि मधूनमधून ब्रेक दाबा. इंजिन बंद करून साठलेला दाब संपेपर्यंत पेडल दाबत राहा. ऑइलला फेस आला असेल तर तासभर थांबा आणि सगळं पुन्हा करा. मास्टरमध्ये ब्रेक ऑइल, बूस्टरमध्ये स्टीअरिंगचं ऑइल. एकाचा थेंबही दुसऱ्यात जाता कामा नये. ब्रेकची रबरं स्टीअरिंगच्या ऑइलने फुगतात.

राहिला प्रश्न इंजिन बंद पडण्याचा. बूस्टरच्या अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये दोन-तीनदा ब्रेक लावता येईल एवढा दाब साठलेला असतो. तो संपल्यावरही पेडल थेट मास्टरला ढकलतं, म्हणजे ब्रेक राहतो, पण फार जड. पायाने ५० पौंड जोर दिला तर ४ च्या गुणोत्तराने आणि १.१२५ इंच बोअरने लाइनमध्ये जेमतेम २०० पीएसआय येतात. ६ चं गुणोत्तर आणि १ इंच बोअर असलेल्या साध्या ब्रेकला तेवढ्याच जोरात ३८० मिळतात. म्हणजे ब्रेक जात नाही. साध्या ब्रेकच्या जवळपास दुप्पट जोर लावावा लागतो, आणि गाडी चालवणाऱ्या घरच्या प्रत्येकाला हे आधी मोकळ्या जागेत करून दाखवायला हवं. पंपाचा बेल्ट तुटला तर स्टीअरिंगही त्याच क्षणी जड होतं, हेही सांगा. आणि काम करताना कुठलाही पाइप सोडण्याआधी पेडल दाबून हा साठलेला दाब संपवा. अ‍ॅक्युम्युलेटर मात्र कधीच उघडू नका.

रस्त्यावर नेण्याआधी शेवटची तपासणी: इंजिन बंद ठेवून पेडल ताठ होईपर्यंत दाबा, त्यावर हलका पाय ठेवून इंजिन सुरू करा. पेडल आधी खाली जाऊन मग पायाला उलटं ढकललं पाहिजे. ढकललं नाही तर गाडी हलवू नका. दोन-तीन दिवसांनी पेडलखालचा गालिचा हाताने चाचपा. तिथे स्टीअरिंगचं ऑइल लागलं तर इनपुट सील गळतंय. मास्टर आणि बूस्टरच्या जोडावर ब्रेक ऑइल दिसलं तर मास्टरचं मागचं सील गेलंय.