मशीनने ९१.६ दाखवलं, म्हणजे सोनं आतपर्यंत खरं?

पाडव्याच्या आदल्या दिवशी नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला: ‘सराफाच्या एक्स-रे मशीनवर ९१.६ आलं की दागिना आतून-बाहेरून २२ कॅरेट. मशीन प्रत्येक धातूची ऊर्जा वेगळी ओळखते, चूक अशक्य. भट्टी, हॉलमार्क हे पैसे उकळायचे धंदे. फक्त किरणं सोन्यात मुरतात, दोन दिवस घालू नका.’ शेजारच्या काकूंनी खाली हात जोडले.

आधी मुरणाऱ्या किरणांचं बघू, ते लगेच निकालात निघतं. मशीनचे एक्स-रे अणूतला आतला इलेक्ट्रॉन उडवतात, बाहेरचा त्या जागी उतरतो आणि उरलेली ऊर्जा किरण होऊन निघून जाते. अणुकेंद्र जागचं हलत नाही. पाटल्या त्याच संध्याकाळी घाला.

‘ऊर्जा वेगळी ओळखते’ हे अर्धंच खरं. मूलद्रव्यागणिक रेषा, म्हणजे निघणाऱ्या किरणांच्या ऊर्जा, ठरलेल्या असतात, हे हेन्री मोस्ले या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये दाखवलं. सोन्याची मुख्य रेषा ९.७१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला (हे ऊर्जेचं एकक), तांब्याची ८.०५, जस्ताची ८.६४. पण जस्ताची दुसरी, फिकी रेषा ९.५७ ला, सोन्याला अगदी खेटून. शिवाय डिटेक्टरला, म्हणजे किरण मोजणाऱ्या भागाला, रेषा दिसतच नाही, उंचवटा दिसतो. सोन्याचा एक किरण सिलिकॉनमध्ये शिरला की सुमारे २,७०० इलेक्ट्रॉन सुटतात, दर वेळी थोडे कमी-जास्त. त्यामुळे चांगल्या सिलिकॉन ड्रिफ्ट डिटेक्टरवरही उंचवटा दीडशेएक इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे ०.१५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, रुंद होतो. वायू भरलेल्या जुन्या प्रपोर्शनल काउंटरवर तर तो हजाराच्या घरात जातो. तिथे जस्त आणि सोनं एकमेकांत मिसळतात आणि सॉफ्टवेअर हिशेबाने त्यांची वाटणी करतं. वाटणी चुकली की टक्के चुकले. मशीनमध्ये डिटेक्टर कुठला, असं मी एका सराफाला विचारलं, तर त्याने चहा मागवला.

‘आतून-बाहेरून’ साफ चूक. सोन्याचा किरण सोन्यातच अडतो. दहाएक मायक्रॉनच्या खालचं बाहेर जवळजवळ काही येत नाही. केसाची जाडी याच्या कितीतरी पट. जाड मुलाम्याखाली काय आहे, हे मशीनला कळायचं कसं? टंगस्टन या धातूची घनताही शुद्ध सोन्याइतकीच, पाण्याच्या सुमारे १९.३ पट, म्हणजे शुद्ध सोन्याच्या आत तो दडवला तर पाण्यात तोलूनही सापडत नाही.

राहिली भट्टी. तिथे नमुना शिशाबरोबर तापवून तांब्या-जस्तासारखे धातू काढतात, चांदी आम्लात विरघळवतात आणि उरलेलं सोनं तोलतात. हॉलमार्किंग केंद्रातही एक्स-रे आहे, पण पहिली चाळणी म्हणून. दागिन्यावरचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक, भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघता येतो. काकूंच्या पाटल्या त्याच्या आधीच्या, त्यांच्यावर तो नाही. खात्रीच हवी असेल तर त्यांना थोडं सोनं खरवडू द्यावं लागेल.