मारुती बुडेपर्यंत प्रतिकारशक्ती वाढवा

पावसाळा लागला की नाशिकमध्ये दोन चौकश्या सुरू होतात. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं, ही पहिली. इम्युनिटी वाढवायला तुम्ही काय घेता, ही दुसरी. पहिल्या बाबतीत आपण कमालीचे जाणकार. विसर्गाचा आकडा कानावर पडला की गोदावरीच्या घाटावरचा टपरीवाला सामान कुठवर उचलायचं ते कुणाला न विचारता ठरवतो. पूर किती चढला, हे घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं यावरून मोजायचं, हेही इथे कुणाला सांगावं लागत नाही. पाणी जास्त सोडलं तर आपण शिव्या घालतो, उशिरा सोडलं तरी घालतो. दुसऱ्या बाबतीत मात्र अख्ख्या शहराची एकच मागणी असते: सगळे दरवाजे उघडा आणि उघडेच राहू द्या. तुम्हीही त्याच पक्षाचे असाल, तर पुढचा सल्ला खास तुमच्यासाठी.

सुरुवात पहाटे जॉगिंग ट्रॅकच्या दारात करा. तिथे एका डगमगत्या टेबलावर कारलं, दुधी, गव्हांकुर आणि गुळवेल अशा चार हिरव्या बरण्या असतात आणि मागे पुठ्ठ्यावर 'रोगप्रतिकारशक्ती दुप्पट' असं लिहिलेलं असतं. नेमकं काय दुप्पट, हे विचारू नका. रांगेतले लोक वळून बघतात. मुंबईच्या काही डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद केली होती. यकृतावर शरीराची स्वतःचीच फौज चालून गेल्यासारखी ती इजा दिसत होती. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली. तुम्ही दोन्ही बाजूंचा मान राखा आणि दोन ग्लास घ्या.

गेल्या भाद्रपदात मला ताप आला. सिडकोतून मावशी आली, हातात स्टीलच्या डब्यात काढा. दालचिनी, मिरी, सुंठ आणि तळाशी ओळखू न येणारं काहीतरी. "अंग मोडून आलंय ना? शक्ती कमी पडतेय तुझी."

मी म्हटलं, "मावशी, शक्ती कामावर आहे म्हणून अंग मोडलंय." आणि तिला इंटरफेरॉनची गोष्ट सांगायला घेतली. १९५७ साली लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान या दोघांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्याचे तुकडे घेतले, त्यांवर फ्लूचा निष्प्रभ केलेला विषाणू घातला, मग ज्या पाण्यात हे सगळं ठेवलं होतं ते पाणी ताज्या तुकड्यांना दिलं. त्या ताज्या तुकड्यांवर जिवंत विषाणूला नीट वाढता येईना. पाण्यात काहीतरी उतरलं होतं. तेच इंटरफेरॉन. विषाणू शिरलेली पेशी ते बाहेर सोडते, म्हणजे घाटावरचा पुराचा भोंगाच म्हण. भोंगा ऐकून शेजारच्या, अजून कोरड्या असलेल्या पेशी दुकान आवरतात: प्रथिनं बनवणं मंदावतं, विषाणूची जनुकीय चिठ्ठी फाडणारी यंत्रं सज्ज होतात. त्यासोबत ताप, कणकण, गळून जाणं. पूर्वी हेपटायटिस सीच्या रुग्णांना इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत, तेव्हा फ्लूचा विषाणू अंगात नसतानाही फ्लू झाल्यासारखं अंग ठणकायचं.

मावशीने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे अजून थोडं वाढवलं की झालंच," असं म्हणाली आणि दुसरा पेला भरला.

मावशीचं खरं आहे. आपल्याला अडचण भोंग्याची नाही, भोंगा बंद करणाऱ्यांची आहे. तेव्हा या घरभेद्यांना आधी ओळखून ठेवा. इंटरफेरॉनचा निरोप मिळालेली पेशी लढाईची तयारी करते आणि त्याच निरोपावरून सॉक्स नावाची प्रथिनंही तयार करते. त्यांचं काम काय, तर तोच निरोप दाबून टाकणं! पायात घालायच्या सॉक्सशी संबंध नाही, पण लायकी तीच समजा. दुसरा फितूर इंटरल्युकिन-१०, दाह शमवायला सांगणारं प्रथिन. फ्लू झालेल्या उंदरांत याचं काम अडवून पाहिलं, तर फुप्फुसातला दाह भडकला आणि उंदीर दगावले. लढून मेले, याचा आपण अभिमान बाळगू. तिसरी टोळी नियामक टी-पेशींची. स्वतःच्याच अंगावर धावणाऱ्या सैनिकांना आवरण्याचा उद्योग त्या करतात. २०२५ चं वैद्यकाचं नोबेल ब्रन्को, रॅम्सडेल आणि साकागुची यांना या पेशींवरच्या कामासाठी मिळालं. ब्रेक शोधणाऱ्यांना नोबेल आणि बरणीवाल्याला साधा पद्मश्री नाही.

फौज वाढली की ती कुठेही वळू शकते, असं कुणी सांगू लागलं तर कानात बोळे घाला. २०२० मध्ये जीवघेणा कोविड झालेल्या ९८७ रुग्णांचं रक्त तपासलं, त्यातल्या १०१ जणांत त्यांच्याच अँटिबॉडींनी स्वतःच्याच इंटरफेरॉनला जखडून ठेवलेलं निघालं. अँटिबॉडी कमी पडत नव्हत्या हो, चांगल्या ठणठणीत होत्या; फक्त त्यांनी भोंगेवाल्यालाच कोंडून घातलं होतं. शक्तीची तक्रार तिथे कुणालाच करता आली नसती.

आता स्टेरॉइड, म्हणजे हीच शक्ती दाबणारं औषध. इथे मात्र अचानक पक्ष बदला, कारण घाई महत्त्वाची. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीत दिसलं, की डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने घटतात. पण ज्यांना ऑक्सिजनचीही गरज नाही, त्यांना काहीच फायदा होत नाही. म्हणजे पूर चढलेला असताना उपयोग, आभाळ नुसतं भरून आलेलं असताना नाही. आपल्या गल्लीत २०२१ ला हा नियम सुधारून घेतला गेला: पहिल्या दिवशी ताप, पहिल्याच दिवशी गोळी, चिठ्ठी नंतर व्हॉट्सअॅपवर पाठवतो. त्याच उन्हाळ्यात काळ्या बुरशीचे रुग्ण वाढले; त्यात मधुमेहासोबत बेसुमार स्टेरॉइडचंही नाव घेतलं गेलं. पण ते डॉक्टरांचं म्हणणं. तुम्ही सकाळी शक्ती वाढवायचा काढा आणि रात्री शक्ती दाबायची गोळी, असा तोल सांभाळा. यकृताला रिकामं बसवू नये.

जाता जाता अँटिबायोटिकचा एक कोर्सही उरकून घ्या. विषाणूवर ते चालत नाही ही तांत्रिक बाब आहे. मेडिकलमधला मुलगा पट्टी कापून देताना इतका आत्मविश्वासाने देतो, की नाही म्हणणं उद्धटपणाचं दिसतं.

एवढं सगळं झालं की संध्याकाळी छत्री घेऊन होळकर पुलावर या. धरणातून पाणी सोडलेलं असेल, अर्धं नाशिक कठड्याला टेकलेलं असेल. मक्याचं कणीस घ्या, लिंबू जास्त मागा. शेजारचे काका विचारतील, "कुठवर आलंय हो?"

"दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलंय."

"बस? २०१९ ला डोक्यावरून गेलं होतं."

"आता विसर्ग कमी केलाय म्हणे."

काका कणसाचे दोन दाणे तोंडात टाकतील, जरा वेळ मारुतीकडे बघतील आणि वैतागून म्हणतील, "यांना कुणी सांगितलं कमी करायला?"