टेपवाले काका

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसथांबा आहे आणि तिथल्या फूटपाथची उंची ३६ सेंटिमीटर होती. हा आकडा मला पाठ आहे. मुलीचा मोबाइल नंबर पाठ नाही, लग्नाच्या वाढदिवसाची तारीख दरवर्षी चाचपडावी लागते, पण फूटपाथ म्हटला की ३६.

सुरुवात आईपासून झाली. आई ७८ वर्षांची, आणि तिचे गुडघे तिच्याहून दहा वर्षांनी मोठे. दर गुरुवारी ती बसनं धाकट्या बहिणीकडे भजनाला जाते. रिक्षानं जा म्हटलं की 'तेवढ्यात दोन दिवसांची भाजी येते' हे ऐकावं लागतं. एका गुरुवारी ती दहा मिनिटांतच घरी परत आली.

"बस चुकली?"

"बस आली होती रे. पण थांबा वर आणि मी खाली. रस्त्यात उभी राहिले तर ड्रायव्हरला वाटतं ही रस्ता ओलांडतेय, तो हॉर्न वाजवून निघून गेला."

मी रागारागात बायकोच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन निघालो. त्या टेपनं आजवर ब्लाउज आणि पडदे सोडून काही मोजलं नव्हतं. थांब्यावर कामाला जाणाऱ्या तीन मावशी फूटपाथच्या कडेवर ओळीनं बसल्या होत्या. थांब्याचा स्टीलचा बाक कधीच चोरीला गेला होता, त्याचे दोन खुंट तेवढे सिमेंटात राहिले होते.

"मावशी, जरा उठता का? माप घ्यायचंय."

"कशाचं, आमचं?" मोठ्या पिशवीवाल्या मावशींनी टेपकडे बघत विचारलं. बाकीच्या दोघी इतक्या हसल्या की माझा आवेशच गेला. पण उठल्या बिचाऱ्या. ३६ सेंटिमीटर, म्हणजे चौदा इंचांवर थोडं. आमच्या जिन्याची पायरी सात इंचांची आहे. म्हणजे महापालिकेनं दोन पायऱ्या एकदम चढायला सांगितलं होतं, तेही कठड्याविना.

त्या रात्री मी वाचायला बसलो, आणि तिथेच घात झाला. माणसानं एक वेळ दारू प्यावी, पण रस्ते कसे बांधावेत हे ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसची (आयआरसी) मानकं वाचू नयेत. आयआरसी १०३ नावाचं एक प्रकरण आहे, ते फक्त पायी चालणाऱ्यांसाठीच. त्याच्या २०१२ च्या आवृत्तीत साफ लिहिलंय की फूटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी आणि डोक्यावर २.२ मीटरपर्यंत काही लोंबकळता कामा नये. म्हणजे या देशात कुणीतरी, कुठल्यातरी खोलीत बसून, माझ्या आईच्या गुडघ्यांचा विचार केला होता! मला भरून आलं. बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "टेप कुठे ठेवलीस?"

दुसऱ्या दिवशी पाच मीटरची पोलादी टेप विकत आणली. थांब्यापासून आमच्या फाटकापर्यंतचा २८० मीटरचा पट्टा मोजायला मला चार सकाळी लागल्या. लिहून घेतलेली यादी मोठी आहे, पण त्यातली एकच जागा सांगतो. एका ठिकाणी एक झाड, विजेची डीपी, केबलवाल्यांची पेटी आणि एक लोखंडी खांब असे चौघं जण एकमेकांना खेटून उभे होते आणि उरलेली मोकळी रुंदी होती ४१ सेंटिमीटर. माझी बायको जिथून आडवी होऊन निघाली तिथे मी अडकलो. खांबाचं काम काय हे कुणालाच माहीत नव्हतं. त्याच्यावर दिवा नव्हता, तार नव्हती, पाटी नव्हती. बहुधा तोही बसची वाट बघत होता.

तिसऱ्या सकाळपर्यंत गल्लीतली पोरं मला 'टेपवाले काका' म्हणू लागली. चौथ्या सकाळी पिशवीवाल्या मावशींनी न सांगता टेपचं दुसरं टोक धरलं.

मग अर्ज. क्षेत्रीय कार्यालयात आवक-जावकच्या खिडकीवर पोच मिळाली, त्यावरचा निळा शिक्का बघून मी युद्ध जिंकल्यासारखा घरी आलो. पुढच्या तीन महिन्यांत त्या अर्जानं जितका प्रवास केला तितका आईनं बसनं केला नसेल. फूटपाथ पथ विभागाचा. त्यावरची झाकणं मलनिःसारणाची. झाड उद्यान विभागाचं. डीपी वीज कंपनीची. टपरी अतिक्रमण विभागाची (म्हणजे काढण्यापुरती). फ्लेक्स आकाशचिन्ह विभागाचा. आकाशचिन्ह! इतका काव्यमय शब्द सरकारी कागदावर मी पहिल्यांदाच पाहिला. प्रत्येक टेबलावर 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' असा शेरा पडून अर्ज पुढे जायचा. हळूहळू लक्षात आलं, फूटपाथवर जे जे उभं आहे ते कुणा ना कुणाचं आहे, मधली चालायची जागा तेवढी कुणाचीच नाही.

एकट्यानं होत नाही म्हणून व्हॉट्सअॅप ग्रुप काढला, 'आपला पदपथ'. आठवडाभरात २१२ सभासद. त्यातले निम्मे पहाटे सूर्यफुलं पाठवायचे, आणि एक गृहस्थ प्रत्येक पोस्टखाली 'फूटपाथ कशाला, पार्किंग करा' असं लिहायचे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की चालण्याजोगे फूटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ती बातमी मी ग्रुपवर टाकली. सत्तावीस अंगठे आले. पार्किंगवाल्यांनी विचारलं, 'यात गाड्यांबद्दल काही आहे का?'

रविवारी गच्चीवर सभा ठेवली. २१२ पैकी आलो अकरा, त्यात आमच्याच घरातले तीन. चौथ्या मजल्यावरच्या आर्किटेक्ट मुलीनं पडद्यावर चित्रं दाखवली. कोपनहेगननं १९६२ साली आपल्या भर बाजारातला रस्ता चालणाऱ्यांना देऊन टाकला. बोगोटात दर रविवारी शंभरावर किलोमीटर रस्ते गाड्यांना बंद असतात आणि माणसं सायकली, पोरंबाळं घेऊन तिथे फिरतात. मग आपल्याजवळचं म्हणून पुणं दाखवलं. तिथे २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात आणि लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा त्या दिवशी चालणाऱ्यांसाठी मोकळा ठेवतात.

"म्हणजे बैलांचा पोळा असतो तसं," आई म्हणाली. "एक दिवस पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी जू."

सभेतलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच होतं, पण इतिवृत्तात नाही. इतिवृत्त पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले शेजारी लिहीत होते आणि त्यांना फूटपाथऐवजी पाण्याच्या निचऱ्यावर बोलायचं होतं. ते पाऊण तास बोलले. (ते बरोबरच बोलत होते हे पावसाळ्यात कळलं, पण तो वेगळा लेख.)

अर्जाला उत्तर नाही म्हणून माहिती अधिकार लावला. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप, तीस दिवसांची मुदत. माझा प्रश्न एकच होता, फूटपाथ ३६ सेंटिमीटर कोणत्या मानकानुसार बांधला? एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं, 'सदर माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.' मी प्रथम अपील केलं. त्या अपिलाचा परिणाम म्हणून माहिती मिळाली नाही, पण स्थळपाहणी मिळाली.

कनिष्ठ अभियंता आला तो पोरसवदा, नम्र आणि घामाघूम होता. त्याची गाडी लावायला जागा नव्हती म्हणून ड्रायव्हरनं ती दुकानाच्या उतारावरून सरळ फूटपाथवर चढवली. आम्ही दोघांनी त्या दृश्याकडे थोडा वेळ बघितलं.

"काका, खरं सांगू का," तो म्हणाला, "फूटपाथ खाली ठेवला की दुचाक्या चढतात. म्हणून वर घ्यायचा. मग रस्त्यावर डांबराचा नवा थर येतो, जुना खरवडायला कुणी पैसे देत नाही, म्हणजे रस्ताच वर येतो. मग पुढच्या वेळी फूटपाथ आणखी वर. पलीकडची दुकानं बघा, पूर्वी तीन पायऱ्या चढून जायचे, आता एक उतरून जातात."

"पण दुचाक्या आत्ताही चढतात की. दुकानदारांनी उतार केलेत."

"तेच ना. गाड्यांना उतार आहे, म्हणून त्या चढतात. माणसांना नाही, म्हणून माणसं रस्त्यावरून चालतात."

इतकं नेमकं निदान मला कुणीच सांगितलं नव्हतं. मला तो पोरगा आवडला. त्यानं माझ्या वहीतली मापं फोटो काढून नेली आणि एस्टिमेट केलं. नंतर तरतूद नव्हती. नंतर तरतूद होती, पण दुसऱ्या शीर्षावर. आणि पहिल्या अर्जापासून चौदाव्या महिन्यात, मार्च महिना संपत आला तसा कुणाच्या तरी लक्षात आलं की पैसे शिल्लक आहेत आणि एकतीस तारखेला ते परत जातील. आमच्या गल्लीत रात्री अकरा वाजता फूटपाथ फोडणारा ब्रेकर सुरू झाला. सहा दिवसांत जुना फूटपाथ गेला, नवा आला. मी पहाटे पाचला टेप घेऊन खाली. १५० मिलिमीटर! टेप बंद करताना हात थरथरत होता. नवीन पेव्हर ब्लॉक गुलाबी आणि राखाडी होते, आणि तो खांब होता तिथेच होता, त्याच्याभोवती ब्लॉक अगदी सुबक कापून बसवले होते.

दुसऱ्या दिवशी थांब्यावर फ्लेक्स लागला. 'पदपथाचे काम मार्गी लावल्याबद्दल हार्दिक आभार', आणि खाली हात जोडलेला एक सद्गृहस्थ, ज्याला मी चौदा महिन्यांत कुठल्याही खिडकीवर पाहिलं नव्हतं. नावाखाली 'भावी नगरसेवक'. शहरात २०२२ पासून काही वर्षं प्रशासकच होते, नगरसेवक सगळे माजी झाले होते, त्या काळात भावींचं पीक उदंड आलं होतं, ते अजून ओसरलं नव्हतं. फ्लेक्सची खालची कड १.५५ मीटरवर होती. हे माप टेपनं नंतर घेतलं, आधी कपाळानं घेतलं.

आणि सोमवारी सकाळी नऊला दुचाक्या आल्या. अभियंत्या पोरानं सांगितलं होतं तसंच झालं. आता त्यांना दुकानाचा उतार शोधायचीसुद्धा गरज नव्हती. मी हात आडवे पसरून उभा राहिलो तर एक तरुण म्हणाला, "काका, फूटपाथवर मधेच काय उभे राहता?" पुन्हा अर्ज, पुन्हा तोच शिक्का. यावेळी दीडच महिन्यात लोखंडी बोलार्ड, म्हणजे दुचाक्या अडवणारे बुटके खांब, आले. आता खिडकीवरचे साहेब मला बघून 'या' म्हणतात आणि खुर्ची सरकवतात. त्यांच्या स्वतःच्या गल्लीतला गतिरोधक किती उंच असावा, हे त्यांनी मला खासगीत विचारलंय.

त्या गुरुवारी आई निघाली. मी बरोबर गेलो, पण हात धरला नाही, तिनं धरू दिला नाही. तिनं एक पाय वर ठेवला, मग दुसरा, आणि वर उभी राहून माझ्याकडे असं पाहिलं की चौदा महिने, दहा रुपयांचं स्टँप आणि कपाळावरचं टेंगूळ सगळं वसूल झालं. बोलार्डांमधून ती ऐटीत पुढे गेली. थांब्यावर पोहोचली. बस यायला वेळ होता. तिनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"बसायचं कुठे रे?"

तिन्ही मावशी थांब्याच्या खांबांना टेकून उभ्या होत्या. पिशवी दोन पायांच्या मधे. रोज नऊ वीसची बस पावणेदहाला येते, आणि या दोन घरची भांडी घासून तिसऱ्या घरी निघालेल्या असतात.

"आधी कडेवर बसायचो आम्ही," पिशवीवाल्या मावशी म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे जास्तच लागलं. "आता बसलं की गुडघे नाकाला लागतात. मग उठवायला दोघी लागतात."

चौदा महिने मी ती कड मोजत होतो. त्यांना तिच्यावरून उठवूनच मोजत होतो. ती कड म्हणजे या थांब्याचा एकमेव बाक आहे, हे माझ्या वहीत कुठेही नव्हतं.

आई बसची वाट बघत उभी राहिली, एक हात माझ्या खांद्यावर ठेवून. मी दुसऱ्या हातानं खिशातली टेप काढली. चोरीला गेलेल्या बाकाच्या दोन खुंटांमधलं अंतर घ्यायचं होतं. मावशींनी सवयीनं दुसरं टोक धरलं.

"बाकासाठी अर्ज देतो," मी म्हणालो. "उंची किती लिहू?"

त्यांनी थोडा विचार केला, हातानं हवेतच एक कड दाखवली.

"होती तेवढीच ठेवा की."

मी वहीत लिहिलं, ३६ सेंटिमीटर.