एका थेंबात 'प्रत्येक पेशी'? नाही हो!

ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: रक्ताच्या एका थेंबातून शरीरातली प्रत्येक पेशी वाचणारं 'सिंगल सेल' तंत्र आलंय, आता बायोप्सीची गरजच नाही. तंत्र खरं आहे: एकेका पेशीत कोणती जनुकं चालू आहेत, ते त्यातून कळतं. मेसेज खरा नाही.

'प्रत्येक पेशी' म्हणजे किती? शरीरात अंदाजे ३७ लाख कोटी. २०२२ सालच्या 'टॅब्युला सेपियन्स' या मानवी पेशींच्या गाजलेल्या नकाशात १५ दात्यांच्या मिळून पेशी होत्या जवळपास ५ लाख.

'रक्ताच्या थेंबातून'? थेंबात रक्ताच्याच पेशी येणार, त्याही बहुतेक तांबड्या, ज्यांना केंद्रकच नसतं. यकृताची पेशी काही बोटाच्या टोकापर्यंत फिरायला येत नाही. कर्करोगाच्या गाठीतून सुटलेल्या पेशी रक्तात असतात कधीकधी, पण इतक्या विरळ की थेंबात एक मिळाली तरी नशीब.

'वाचतं' हा शब्दही फसवा. २०१५ मध्ये आलेल्या 'ड्रॉप-सीक' या सिंगल सेल तंत्रात तेलात तरंगणाऱ्या पाण्याच्या सूक्ष्म थेंबात एका पेशीची आणि बारकोड (ओळखखूण) लावलेल्या एका मण्याची गाठ पडते. पेशी तिथेच फोडतात, आतला आरएनए, म्हणजे चालू जनुकांच्या नकला, मण्याला चिकटतो. सगळा नाही, जेमतेम दहा-बारा टक्के. दोन पेशी एकत्र येऊ नयेत म्हणून बहुतेक थेंब मुद्दाम रिकामे सोडतात, तरी काही जोड्या घुसतातच.

आता बायोप्सी. गंमत अशी, की गाठीतल्या पेशी एकेक करून तपासायच्या तर तुकडा काढावाच लागतो! तो ताजा असताना ब्लेडनं बारीक चिरायचा, पेशी सुट्या करणाऱ्या कोमट विकरात (एन्झाइममध्ये) घोळवायचा, चाळणीतून गाळायचा. या छळानंच पेशींमधली काही जनुकं चालू होतात, आणि मग ती आजाराची की चिरण्याची, हा घोळ निस्तरत बसावं लागतं. शिवाय वाडा पाडून भाडेकरूंची यादी करावी तसं होतं: नावं मिळतात, कोणाची भिंत कोणाला लागून होती ते जातं. पॅथॉलॉजिस्ट काचपट्टीवर नेमकं तेच बघतो. पेशींची जागा राखून आरएनए मोजणारी तंत्रंही आहेत, पण त्यांनाही तुकडा हवाच.

या तंत्राचं कौतुक करायचंच तर २०१८ सालचं करा. सिस्टिक फायब्रोसिस या फुफ्फुसात चिकट कफ साचवणाऱ्या आनुवंशिक आजारात बिघडणारं सीएफटीआर जनुक सर्वाधिक चालवणारी, शंभरात एखादीच असणारी 'आयनोसाइट' पेशी तेव्हा प्रथमच हाती लागली. रक्तात नव्हे, श्वसनमार्गाच्या अस्तरात.