गोरिलाला भेटायला जाताना घ्यावयाची काळजी

सर्वप्रथम हे पक्कं करा की तुम्ही फिरायला चाललेला नाहीत. फिरायला लोक महाबळेश्वरला जातात. तुम्ही सफारीला चालला आहात. हा शब्द स्वाहिलीतला. तो अरबी 'सफर'वरून आलाय आणि त्याचा अर्थ नुसता प्रवास एवढाच होतो, म्हणजे स्वारगेट ते सातारा हीसुद्धा सफारीच. पण ही माहिती आपल्यापाशीच ठेवा, पॅकेजचे हप्ते अजून फिटायचेत.

आता देश. केनियाचा मसाई मारा निवडू नका. तिथे सोसायटीतले दुसऱ्या मजल्यावरचे जाऊन आलेत आणि त्यांच्याकडे नदी ओलांडणाऱ्या विल्डबीस्टांचा बारा मिनिटांचा व्हिडिओ आहे. त्यांना गप्प करायचं तर युगांडा. २०२३पासून मुंबईहून एंटेबीला थेट विमान आहे आणि पुढे ब्विंडीच्या जंगलात पर्वतीय गोरिला आहेत. परवाना माणशी ८०० डॉलर, म्हणजे सत्तर हजारांच्या आसपास, आणि गोरिलासमोर वेळ मिळतो एक तास. हा हिशेब ऐकून 'एका माकडासाठी?' असं घरातलं कुणीतरी म्हणेलच. त्यांना शांतपणे सांगा की शेजारच्या रवांडात हाच तास १५०० डॉलरला पडतो, म्हणजे आपले ७०० डॉलर वाचले. वाचलेल्या पैशाचं समाधान मराठी घराला लगेच पटतं.

पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. तुम्ही अर्थातच तीन दिवस आधी फोनाफोनी सुरू करा. लशीचं पिवळं कार्ड नसलं तर परत आल्यावर आपलंच सरकार विमानतळावरून उचलून सहा दिवस वेगळं ठेवू शकतं. पॅकेजमध्ये नसलेला मुक्काम मिळतो, एवढाच त्यातला फायदा.

कपडे हा गंभीर विषय आहे. जंगल म्हटलं की मिलिटरीची ठिपक्याठिपक्यांची पँट हवीच, ती कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवरून घ्या. युगांडात तो कपडा फक्त सैन्याने घालायचा आणि इतर कुणी घातला तर अटक होऊ शकते, हे तिथे गेल्यावर कळतं. वर टूर कंपनीने दिलेला गडद निळा टी-शर्ट चढवा. निळा आणि काळा हे त्से त्से माशीचे अत्यंत आवडते रंग. तिच्यासाठी तिथे मुद्दाम निळ्या-काळ्या कापडाचे सापळे टांगतात. आमच्या ग्रूपचे बारा टी-शर्ट मर्चिसन धबधब्याच्या अभयारण्यात उतरले तेव्हा माशांना बहुधा वाटलं असेल की यंदा सापळे चालत आले. ही माशी शर्टाच्या आतपर्यंत चावते. वहिनींनी बरोबर आणलेली ओडोमॉस तिने चटणीसारखी घेतली.

खाण्याचं सामान मात्र व्यवस्थित न्या. मेतकूट, थेपले, लसणाची चटणी, भाकरवडी, आणि लोणचं गळू नये म्हणून तीन पिशव्यांत. वाटेत केनिया असेल तर एवढं लक्षात ठेवा की तिथे २०१७पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे आणि कायद्यात चार वर्षांपर्यंत कैद लिहिलेली आहे. कैरीच्या लोणच्यासाठी तुरुंगात जाणारे आपण पहिले ठरू नये.

स्थानिक काही खाऊ नका. युगांडाच्या कुठल्याही नाक्यावर एक पोरगा तवा टाकून उभा असतो. प्लॅस्टिकच्या मगात दोन अंडी फोडतो, त्यात कांदा, टोमॅटो, कोबी बारीक चिरून फेटतो, तव्यावर ओततो, वर चपाती दाबतो, उलटतो, गुंडाळतो आणि कागदात हातात देतो. याला रोलेक्स म्हणतात. 'रोल्ड एग्ज'चं झालं रोलेक्स. चपातीला तिथे चपातीच म्हणतात. १८९६पासून इंग्रजांनी मोंबासाहून आत रेल्वे न्यायला हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर आणले, त्यातले सुमारे अडीच हजार तिथेच मेले. तिथेच स्थायिक झालेल्यांच्या आणि त्यांच्या मागून आलेल्या दुकानदारांच्या मागोमाग ही चपाती त्या देशात मुरली. आपण मात्र काच वर करून गार थेपला खात बसायचं आणि म्हणायचं, 'इथे आपल्यासारखं काही मिळत नाही हो.'

काच खाली केलीत तर ती फक्त 'जांबो!' ओरडण्यासाठी. जांबो हे पर्यटकांसाठी राखून ठेवलेलं स्वाहिली आहे, आणि ब्विंडीच्या बाजूला लोक रुकिगा बोलतात. 'अगांडी' म्हटलं तर समोरच्याचा चेहरा खुलतो. पण चेहरा खुलला की तो थांबून बोलणार, आणि आपल्याला पुढचा पॉइंट गाठायचाय.

ड्रायव्हरशी बोलायला विषय हवा असेल तर युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन. १९७२ साली त्याने तिथल्या भारतीयांना नव्वद दिवसांत कसं हाकललं ते ड्रायव्हरला सविस्तर सांगा. तो अमीन गेल्यानंतर जन्मलाय ही अडचण मानू नका. आमच्यातल्या एका काकांनी कंपाला ते फोर्ट पोर्टल हा एकच विषय पुरवला. ड्रायव्हर 'येस सर' म्हणत होता. फोर्ट पोर्टलला उतरल्यावर काका म्हणाले, 'माणूस फार जाणकार आहे.'

विषुववृत्तावर थांबणं अनिवार्य आहे. कायाब्वे गावात रस्त्याच्या कडेला मोठं पांढरं वर्तुळ उभं केलंय आणि शेजारी तीन भांडी. उत्तरेकडच्या भांड्यात पाणी एका बाजूने गरगरतं, दक्षिणेकडच्यात उलट, आणि मधल्यात सरळ खाली जातं. फूल टाकून दाखवतात. आमच्याबरोबर भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी तिथेच सगळ्यांना समजावलं की पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम एवढ्याशा भांड्यात आणि वीस पावलांच्या अंतरात दिसूच शकत नाही, पाणी ओतताना तो मुलगा मनगटाला किंचित झोल देतो. सगळं झाल्यावर सरांनी पैसे दिले, तिन्ही भांड्यांचा व्हिडिओ काढला आणि फॅमिली ग्रूपवर टाकला. खाली लिहिलं, 'निसर्गाचा चमत्कार'.

गेम ड्राइव्हला, म्हणजे गाडीतून प्राणी बघायला, निघताना 'बिग फाइव्ह'ची यादी खिशात हवी. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस. ही यादी केली शिकाऱ्यांनी, पायी जाऊन मारायला सगळ्यांत अवघड कोण या हिशेबाने. आता आपण त्याच यादीवर फोनने टिकमार्क करतो. इशाशाला सिंह उंबरावर चढून फांदीवर पाय सोडून झोपलेले असतात. तिथे पोचल्यावर लगेच विचारा, 'उतरतील कधी?' काझिंगाच्या बत्तीस किलोमीटरच्या नैसर्गिक प्रवाहात पाणघोडे इतके आहेत की दहाव्या मिनिटाला कुणी बघत नाही. किबालेचे चिंपांझी झाडाच्या शेंड्यावर असतात, त्यांना बघताना तोंड बंद ठेवा. कारण अनुभवाने कळेल.

आता मुख्य दिवस.

सकाळी साडेसातला ब्विंडीतल्या बुहोमाला माहिती देतात. गोरिलांच्या एका कुटुंबाकडे दिवसाला फक्त आठ माणसं, पंधरा वर्षांखालचं कुणी नाही, तोंडाला मास्क, दहा मीटरचं अंतर, फ्लॅश नाही, आणि सर्दी-खोकला असलेल्याने येऊ नये. आपल्याला जी सर्दी दोन दिवस नाक वाहून जाते ती गोरिलाच्या फुप्फुसात उतरली तर कुटुंबच्या कुटुंब आजारी पडू शकतं, आणि शेवटच्या गणतीत जगभरात हे प्राणी निघाले होते १०६३. कोथरूडच्या एखाद्या मोठ्या सोसायटीत याहून जास्त माणसं राहतात. पण तुम्ही सत्तर हजार भरलेत, तेव्हा ज्येष्ठमध गालात धरा आणि खोकला गिळा. इदी अमीनवाले काका रात्रभर खोकत होते, सकाळी त्यांनी हेच केलं. सगळं जमलं होतं. रेंजरने विचारलं, कुणाला बरं नाहीये का, आणि काकूंनी हात वर करून इंग्रजीत उत्तर देत काकांकडे बोट दाखवलं. छत्तीस वर्षांच्या संसारात काकू पहिल्यांदाच इंग्रजीत एक पूर्ण वाक्य बोलल्या असं काका नंतर म्हणाले. ते लॉजवर राहिले.

तिथेच गावातली पोरं पोर्टर म्हणून उभी असतात. पाळीने नंबर लागतो, पंधरा-वीस डॉलरमध्ये दिवसभर तुमची बॅग आणि गरज पडली तर तुम्हीही. पोर्टर घेऊ नका. 'आम्ही दर रविवारी सिंहगड चढतो,' असं खणखणीत सांगा. सिंहगडावर पायऱ्या आहेत, दर वळणावर लिंबू सरबत आहे आणि वर पिठलं-भाकरी आहे, हा तपशील ब्विंडीत पोचल्यावर आठवतो. तिथे वाट नाहीच. पुढे एक जण कोयत्याने वेली तोडत जातो, खाली पाय ठेवाल तिथे जमीन नसून गवताची गादी असते, तिच्याखाली लाल चिखल, आणि आधाराला धराल ती हमखास खाज आणणारी वनस्पती. चाळिसाव्या मिनिटाला मागून एक हात पुढे येतो. तुम्ही न घेतलेल्या पोर्टरचा. सोबत आलेल्या दुसऱ्या ग्रूपमधल्या कुणाचा तो पोर्टर, पण त्याच्याने बघवत नाही. तो हात धरा, सिंहगडाविषयी काही बोलू नका. अगदीच न जमल्यास वेताची डोली असते, चार-चार जण आळीपाळीने खांद्यावर नेतात. तिला तिथे 'हेलिकॉप्टर' म्हणतात. भाडं मात्र विचारूनच बसा.

सगळं सोसून तो येतो. सिल्व्हरबॅक, म्हणजे पाठ रुपेरी झालेला प्रौढ नर. झुडपात बसलाय, आपल्याकडे पाठ करून. दोन माणसांएवढी रुंद पाठ आणि तिच्यावर चांदीचा पट्टा. एक फांदी ओढतो, दातांतून सर्रकन पाला ओरबाडतो, काडी बाजूला ठेवतो, पुढची घेतो. घाई म्हणून नाही. रेंजर घशातून 'म्म्म-हूं' असा आवाज काढतो, म्हणजे आम्ही त्रास द्यायला आलो नाही. तो त्याच आवाजात उत्तर देतो. मग एक दीर्घ, खणखणीत पाद ऐकू आला आणि आमच्या ग्रूपमधल्या प्रत्येकाने आधी शेजारच्याकडे पाहिलं.

आता कामाला लागा. एक तास म्हणजे साठ मिनिटं. पहिली दहा फोन उघडण्यात, पुढची दहा मास्कमुळे चेहरा ओळखेना म्हणून आकडे दाबण्यात. मग सेल्फी. गोरिलाकडे पाठ केल्याशिवाय गोरिलाबरोबर सेल्फी येत नाही, तेव्हा बिनधास्त पाठ करा. त्याने आपल्याकडे केलीच आहे. व्हिडिओ कॉल लावून पाहा, नेटवर्क नाही म्हणून चिडा. दहा मीटरचा नियम गोरिलाच्या पिल्लाला कुणी सांगितलेला नसतो. ते गडगडत सरांच्या बुटापाशी आलं, लेस धरली, वर बघितलं. सर पुतळ्यासारखे उभे. नंतर विचारलं, सर, कसं वाटलं? म्हणाले, 'रेकॉर्डिंगचं बटणच दाबलं गेलं नव्हतं हो.' आणि ते अख्ख्या जेवणात बोलले नाहीत.

संध्याकाळी बात्वा जमातीच्या लोकांचा नाच असतो. डॉलर देऊन बसायचं, टाळ्या वाजवायच्या, एकदोघांनी मध्ये शिरून लेझीमही करून दाखवायची. हे लोक आधी कुठे राहायचे ते विचारू नका. ते याच जंगलात राहायचे. १९९१ साली राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा त्यांना बाहेर काढलं, कारण जंगल वाचवायचं होतं. आता आत जायला परवाना लागतो आणि तो आपल्याकडे आहे. असलं काही मनात आलं तर मसाला चहा मागवा.

शेवटी सर्टिफिकेट मिळतं. गोरिला पाहिल्याचं, तुमच्या नावाचं, सहीशिक्क्यानिशी. नाव नीट तपासून घ्या, आमच्यातल्या एका 'देशपांडें'चं त्यांनी 'देशपांडा' केलं होतं आणि ते बदलून घेण्यात पाऊण तास गेला. काकांना मिळालं नाही, त्यांनी लॉजच्या दुकानातून लाकडी गोरिला घेतला आणि रात्री व्हॉट्सअॅपवर सिल्व्हरबॅकचे चौदा फोटो टाकले, सगळे दुसऱ्यांनी काढलेले. देशपांडा दुरुस्त होईपर्यंत तो मघाचा हात देणारा पोर्टर चिखलाच्या बुटांनी बाहेर उभा होता. त्याची टिप कुणी द्यायची यावर ग्रूपमध्ये मतभेद होते, कारण तसं पाहिलं तर तो आमच्या कुणाचाच नव्हता.