‘लाईट झपकली की सगळ्या मोटरी बंद’ या अभिप्रायास उत्तर

नमस्कार शेठ,

आपल्या डाळ मिलसाठी आम्ही बनवलेल्या पॅनेलबद्दलचा आपला अभिप्राय वाचला. लाईट क्षणभर झपकली तरी सगळ्या मोटरी बंद पडतात, शेजारच्या मिलमधील चालू राहतात, म्हणजे आत हलके कॉन्टॅक्टर (मोटरीची वीज जोडणारे-तोडणारे चुंबकी स्विच) वापरले आहेत, आणि अखेर वायरमनने एलिव्हेटरच्या (माल वर चढवणाऱ्या पट्ट्याच्या) कॉन्टॅक्टरला पाचर मारून, म्हणजे तो कायम जोडलेला राहील असा अडकवून, काम भागवले, असे आपण लिहिले आहे. इतर मुद्द्यांआधी एक विनंती: मेन स्विच बंद करून ती पाचर आजच काढावी.

पाचर मारलेल्या कॉन्टॅक्टरवर ना स्टॉप बटण चालते, ना ओव्हरलोड रिले (मोटरीवर जादा भार आला की ती बंद करणारा). लाईट गेल्यावर एलिव्हेटरमधील माल तळाशी साचतो, तो मोकळा करायला कामगार हात घालतो, आणि नेमकी तेव्हा लाईट आली तर कोणी बटण न दाबता पट्टा फिरू लागतो. पुरवठा गेला की कॉन्टॅक्टर सुटावा (वीज तोडावी) आणि बटण दाबल्याशिवाय पुन्हा बसू नये (वीज जोडू नये), ही रचना हाच अपघात टाळण्यासाठी आहे.

आता हलक्या मालाविषयी. आयईसी ६०९४७-४-१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार एसी कॉन्टॅक्टर नेमलेल्या व्होल्टेजच्या ८५ टक्क्यांवर खात्रीने बसला पाहिजे आणि ७५ ते २० टक्क्यांच्या दरम्यान सुटला पाहिजे. आपल्या ४१५ व्होल्टच्या कॉइलसाठी (कॉन्टॅक्टर ओढून धरणाऱ्या चुंबकाच्या गुंडाळीसाठी) सुटण्याची ही कक्षा सुमारे ३११ ते ८३ व्होल्ट येते. पुरवठ्याची एक सायकल २० मिलिसेकंदांची असते आणि अशा थोड्याच सायकलींचा खंड चांगल्या कंपनीचा कॉन्टॅक्टर सुटायलाही पुरतो, मग तेवढ्यात रोलरचा वेग फारसा उतरलेला नसला तरी. शेजारचे पॅनेल न पाहता त्याबद्दल बोलणे योग्य नाही. पण वादळात फांदी एकाच तारेला लागली तर तिन्ही फेजचे व्होल्टेज सारखे पडत नाही, आणि ज्याच्या कॉइलच्या फेजवर व्होल्टेज फारसे पडलेले नाही त्याची मोटर टिकते. मे-जूनच्या वाऱ्यांत जळगावात हे नेहमी घडते.

सगळ्या मोटरी एकदम थांबतात, ते इंटरलॉकमुळे, म्हणजे एक मोटर थांबली की तिला माल देणाऱ्या मोटरीही थांबवणाऱ्या जोडणीमुळे. एलिव्हेटर थांबला आणि मागचा कन्व्हेअर चालूच राहिला, तर तो थांबलेल्या एलिव्हेटरमध्ये माल ओतत राहील. म्हणून एखादीच मोटर धरून ठेवणे उपयोगाचे नाही. धरायची तर माल पुढे नेणारी सगळी साखळी धरावी लागते.

तसे करता येते. कपॅसिटरच्या साठ्यावर कॉइल सुमारे एक सेकंद धरून ठेवणारे उपकरण कन्व्हेअर आणि एलिव्हेटरच्या स्टार्टरना बसवता येईल. स्टॉप, इमर्जन्सी स्टॉप आणि ओव्हरलोडचे कॉन्टॅक्ट मात्र त्या उपकरणाच्या पुढे, थेट कॉइलच्या वाटेवर घ्यावे लागतात, अन्यथा स्टॉप दाबल्यावरही मोटर तेवढा वेळ चालू राहते. याहून जास्त वेळ धरणे आम्ही सुचवत नाही, कारण मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो. व्होल्टेज ८० टक्के उरले तर जोर ६४ टक्केच उरतो आणि भरलेला एलिव्हेटर त्यावर ओढेलच असे नाही.

रोलरची मोठी स्टार-डेल्टा मोटर (आधी कमी व्होल्टेजच्या स्टार जोडणीवर सुरू होऊन मग डेल्टा जोडणीवर जाणारी) आम्ही यात घेणार नाही. पुरवठा तुटल्यावर फिरती मोटर थोडा वेळ स्वतःच व्होल्टेज तयार करते, आणि परत आलेली लाईट त्याच्याशी उलटी भिडली तर बसणारा झटका थेट स्टार्टच्या सहा-सात पट करंटहूनही मोठा असू शकतो; त्यात कपलिंग आणि शाफ्ट जातात. रोलर थांबला की त्याच्याकडे येणारा माल थांबेल, पुढचे एलिव्हेटर चालू राहून रिकामे होतील, आणि मग रोलर पुन्हा स्टारवरून बटणाने सुरू करावा लागेल. एवढा थांबा राहीलच.

कॉइल कोणत्या फेजवर ठेवावी हे तपासायला आमचा माणूस येईल. त्याचे आणि बदलाच्या वायरिंगचे पैसे आम्ही घेणार नाही. उपकरणे मूळ कोटेशनमध्ये नव्हती, त्यांची किंमत वेगळी द्यावी लागेल. मिल तासभर रिकामी चालवता येईल असा दिवस दुकानात कळवावा.